ओल्या फडक्याखालचं पुरण

भादव्यातल्या दुपारी आमच्या दारव्ह्यात सगळंच थोडं फुगतं. दारं चौकटीत अडकतात, पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडतात, काडेपेटीवर काडी ओढली की नुसती रेघ उमटते. पाऊस पडून गेलेला असतो, पुन्हा यायचा असतो आणि मधल्या वेळात असं ऊन पडतं की अंगणातली माती वाफाळायला लागते. अशा वेळी मी पलंगावर आडवी होते आणि डोळे मिटते. मग वाटतं, आपण सगळे एका झाकण ठेवलेल्या मोठ्या पातेल्यात आहोत. खाली कोणीतरी मंद आच लावली आहे आणि विसरून गेलं आहे.

मागच्या वर्षी अशाच एका दुपारी तुम्ही दोघं नातवंडं फोनवर दिसलात. तुमच्याकडे सकाळ होती. धाकटीनं आजोबांना बघितलं आणि विचारलं, "आजोबा, तुमचा शर्ट मोठा झाला का?"

"हो, या हवेत सगळंच फुगतं," ते म्हणाले.

मी त्यांच्या मागे उभी होते. शर्ट तोच होता, आतलं माणूस कमी होत चाललं होतं. त्यांची भूक गेली होती आणि ती परत येईल की नाही हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला तेव्हा "पोट बिघडलं होतं" एवढंच सांगितलं. आता सगळं सांगते. तुम्ही राहता त्या गावचा उन्हाळाही असाच ओला असतो असं तुमची आई म्हणते, म्हणून तुमच्या पोटाची काळजी हेही एक कारण आहेच. दुसरं कारण तुमचे आजोबा. हे ते स्वतः कधी सांगणार नाहीत.

आमच्या भागात उकाडे दोन प्रकारचे. वैशाखातला उकाडा कोरडा असतो. घाम यायच्या आत वाळतो, ओठ फुटतात, धुतलेलं लुगडं दोरीवर टाकून आत येईपर्यंत खडखडीत होतं. त्या उकाड्याशी कसं वागायचं हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. माठ ओल्या वाळूवर ठेवायचा, दुधाच्या पातेल्याला ओलं फडकं गुंडाळायचं, खिडकीत वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारायचं. वारा ओल्यातून जातो, पाणी उडतं आणि उडताना गारवा मागे ठेवतं.

भादव्यातला उकाडा वेगळा. हवाच पाण्यानं भरलेली असते, तिला आणखी पाणी नको असतं. घाम अंगावर बसून राहतो. कूलर लावला तर खोली आणखी चिकट होते. माठातलं पाणी कोमट लागतं. आणि पोट झोपेत असल्यासारखं होतं. खाल्लेलं अन्न तिथे पडून राहतं, जसा भर दुपारी आलेला पाहुणा ओसरीवर पडून राहतो, ना उठत ना बोलत.

इंग्रजीतून वाचायची मला कॉलेजपासून सवय. आपल्या आतड्यात असंख्य बारीक जीव राहतात आणि त्यांच्या भरवशावर आपलं पचन चालतं, हे मी वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. पडल्या पडल्या मी त्यांचा विचार करते. दारव्ह्याच्या आठवडी बाजारासारखं काहीतरी दिसतं मला. ओळखीचे लोक आपापल्या जागी बसलेले, आपापलं काम करणारे, आणि या दमट दिवसांत जीपमधून उतरावेत तसे भराभर उतरणारे अनोळखी. सगळे वाईट नसतात. पण एखादा येतो आणि सगळी दुकानं उधळून लावतो. म्हणून या दिवसांत मी पाणी उकळून, निववून, झाकून ठेवते. भात सकाळचा संध्याकाळी वाढत नाही. पालेभाजी कमी, मूग जास्त. ताक दुपारच्या जेवणातच, भाजलेलं जिरं घालून, त्याच सकाळी घुसळलेलं. रात्रीचं जेवण उजेड असताना, आणि एक घास कमी. बाहेरची कापलेली फळं कितीही लाल दिसली तरी नाही. हे सगळं मी आमच्या घरात वर्षानुवर्षं पाळत आले. फक्त महालक्ष्म्यांचे दिवस माझ्या हातात नसतात.

महालक्ष्म्या आमच्याकडे भाद्रपदातच बसतात, ऐन उकाड्यात. दोघी बहिणी पितळी मुखवट्यांच्या, भरजरी लुगड्यातल्या, समोरासमोर न बघता शेजारी शेजारी उभ्या. पूर्वी त्या मारेगावला थोरल्या घरी असायच्या. थोरले दीर गेले आणि त्या आमच्याकडे आल्या. त्यांच्याबरोबर दर वर्षी माझ्या मोठ्या जाऊबाई येतात, यवतमाळला एसटी बदलून, मांडीवर पुरणयंत्र घेऊन. त्यांचा मुलगा शेती सांभाळतो, कापूस आणि सोयाबीन. तो बायको-मुलींना घेऊन दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेपर्यंत पोचतो.

नैवेद्याचं पुरण जाऊबाईंनीच करायचं, ही जुनी रीत. दीर गेले त्या वर्षी आमच्या नात्यातल्या एक आत्याबाई म्हणाल्या, "आता पुरण दुसऱ्या कोणाकडे द्या. नैवेद्याचं आहे."

जाऊबाई तिथेच होत्या. त्यांच्या हातातलं ताट थोडं खाली आलं. तुमचे आजोबा पेपर वाचत होते, तो त्यांनी खाली ठेवला नाही. पेपराआडूनच म्हणाले, "पुरण वहिनी करतील. नाहीतर यंदा महालक्ष्म्यांना झुणका-भाकर दाखवू. त्या काही तक्रार करणार नाहीत."

आत्याबाईंनी येणं मात्र सोडलं नाही. दर वर्षी येतात, पहिल्या पंगतीला बसतात आणि पुरण तोंडात घालून थोडा वेळ थांबतात. सगळ्यांना माहीत आहे त्या काय शोधतात ते.

मागच्या वर्षी जाऊबाईंचे हात दुखत होते. म्हणून डाळ आदल्या संध्याकाळीच शिजवून, गूळ घालून, आटवून त्यांनी पुरण वाटून ठेवलं. सोन्यासारखा गोळा, वेलदोड्याच्या वासाचा. कल्हईच्या पातेल्यात तो ठेवला तेव्हा स्वयंपाकघराची हवा इतकी जड होती की भिंतीवरच्या फरशा घामाघूम झाल्या होत्या.

मी म्हटलं, "बाई, फ्रिजमध्ये ठेवू या का? वरचा कप्पा मी धुऊन देते."

"फ्रिजात?" जाऊबाई म्हणाल्या. "सोवळ्याचं पुरण? त्यात कालचं खरकटं वरण हाय. भाऊजीचे अंडे हायेत."

दारातून आजोबा म्हणाले, "माझी नाहीत वहिनी, कोंबडीची आहेत."

"तुम्ही मधात बोलू नका जी."

"अंडी खालच्या कप्प्यात आहेत, बाई," मी म्हटलं.

"अन् महालक्ष्म्या काय वरचाच कप्पा पाहतीन?"

जाऊबाईंनी एक शुभ्र फडकं भिजवलं, पिळलं आणि पातेल्यावर बांधलं. मारेगावच्या घरात त्यांनी वर्षानुवर्षं दूध असंच ठेवलं होतं, लोणी असंच ठेवलं होतं. वैशाखात ते फडकं खरंच जादू करतं. पण भादव्यात त्यातलं पाणी उडून जाणार कुठे? बाहेर जागाच नाही. ते रात्रभर ओलंच राहिलं, ऊबदार, आणि त्याच्याखाली पुरण निजून राहिलं.

दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक मला नेहमी स्वप्नासारखा आठवतो. ओलेत्यानं वावरणाऱ्या बायका, वाफ, कढईचा चर्र आवाज, सोळा भाज्यांचे सोळा रंग. कोणी बोलायचं तर हळू. आणि कशाचीही चव घ्यायची नाही, वासही घ्यायचा नाही, कारण पहिला मान त्या दोघींचा. कढी किती आंबट, पंचामृत किती गोड, हे हाताच्या अंदाजानं ठरतं. मला या रीतीचं नेहमी कौतुक वाटत आलं. दिवसभर भुकेल्या बायका अन्नात बुडालेल्या असतात आणि एकही बोट तोंडाकडे जात नाही.

नैवेद्य दाखवला की मधे पडदा ओढतात आणि सगळे खोलीबाहेर येतात. त्या जेवतात म्हणून. घरात तेव्हा इतकी शांतता होते की पंख्याचं एक पातं किंचित वाकडं आहे हे ऐकू येतं. मी भिंतीला टेकून उभी राहते. पडद्याआडून दागिन्यांची किणकिण ऐकू आली असं वाटतं, आणि वाटलं तर वाटू देते. हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही.

मग पडदा बाजूला होतो. आमच्या घरची पद्धत अशी की ज्यानं पूजा केली त्यानं नैवेद्याच्या ताटातला पहिला घास घ्यायचा, मग इतरांना पानं वाढायची. आजोबा पाटावर बसले. समोर दोन ओळी तयार होत्या. पुतण्या, त्याची बायको, दोघी चिमुरड्या नाती, आत्याबाई, शेजारचे चौघं-पाचजण. सगळ्यांची नजर त्यांच्या हाताकडे.

त्यांनी पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, तोंडात घातला. चावता चावता थांबले. मुखवट्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, भावाची आठवण आली. मग त्यांनी गिळलं आणि दुसरा तुकडा मोडला.

"वहिनी," ते म्हणाले, "यंदा पोळी कोणाला वाढायची नाही."

"काहून जी?"

"अशी पोळी मी जन्मात खाल्ली नाही. सगळ्या माझ्या. पुरण उरलं असेल तर तेही माझं."

आधी कोणाला कळलंच नाही. मग सगळे हसायला लागले. पुतण्या म्हणाला, "काका, आम्ही मारेगावहून उपाशी आलो ना जी. काही तरी दया करा."

"तुला वडे आहेत, भजी आहेत, आंबील आहे. चांगलं पोटभर जेव."

"अन् पोरी? त्या पोळीसाठी रडून राहिल्या."

"पोरींना पेढे आणा कोपऱ्यावरून. ताजे आणा. माझ्या पोळीला हात लावायचा नाही."

पुतण्याची लहान मुलगी म्हणाली, "आबा हावरट आहेत." ते म्हणाले, "आहेतच." त्यांनी पोळ्यांची दुरडी ओढून आपल्या डाव्या गुडघ्याशी घेतली, पुरणाचं पातेलंही मागवलं आणि त्यावर झाकण घालून वर पाण्याचा तांब्या ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, "प्रसाद आहे हो, निदान तुकडा तरी द्या." त्यांनी आत्याबाईंकडे बघून हात जोडले आणि आपल्या ताटातल्या दोन्ही पोळ्या शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवल्या. नैवेद्याच्या ताटात काही टाकायचं नसतं.

जाऊबाई वाढता वाढता पुटपुटत होत्या, "म्हातारपणी जीभ लांब झाली माणसाची." पण चेहरा फुलला होता. इतकी वर्षं त्यांचं पुरण लोक चांगलं म्हणत आले, पण त्याच्यासाठी कोणी असा हट्ट धरला नव्हता.

जेवणं झाली. पुरुष सतरंजीवर लवंडले, बायका आतल्या खोलीत. आजोबांनी मला खूण करून मागच्या अंगणात बोलावलं. म्हणाले, "ते पातेलं आणि दुरडी गायीलाही घालू नको. लिंबाखाली खड्डा करून पुरून टाक. वहिनी झोपल्या आहेत तोवर."

मी झाकण काढलं. वेलदोड्याच्या वासामागे एक दुसरा वास होता, आंबूस, ताडीसारखा. चमचा वर उचलला तर त्याच्यामागे बारीक तार निघाली.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच घासाला."

"मग खायचं कशाला? बाजूला काढायचं होतं."

"वहिनीसमोर? आणि त्या आत्याबाई पुढ्यात बसल्या असताना?" त्यांनी पोटावर हात ठेवला. "दोन पोळ्यांनी काय होतं."

दोन पोळ्यांनी काय होतं ते दिवस मावळेपर्यंत दिसलं. उलट्या थांबेनात, मग दुसरं सुरू झालं. पुतण्यानं गाडी काढली आणि यवतमाळला नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी फार गेलं, या वयात मूत्रपिंडांवर ताण येतो, थोडा आलाच आहे. घरी सोडताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोट बरं होईल. पण आता हे खायला-प्यायला हवेत. नाही खाल्लं तर पुन्हा इथेच आणावं लागेल आणि तेव्हा एवढं सोपं नसेल."

म्हणजे सगळं त्यांच्या भुकेवर येऊन थांबलं. आणि भूक तर निघून गेली होती. कुठे गेली? दुपारी त्यांच्या उशाशी पंखा हलवत बसले की मला ती दिसायची. लहानशी पिशवी घेऊन ती एसटीत बसली आहे, राळेगावच्या बाजूला उतरली आहे, कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळींमधून हळूहळू चालली आहे, डोक्यावर पदर घेतलेला, मागे वळून बघत नाही. मी मनातच तिला हाक मारायची. ती थांबल्यासारखी व्हायची आणि पुन्हा चालू लागायची.

मी माझ्या पद्धतीनं सगळं लावून घेतलं. लहान वाट्या, ठरलेल्या वेळा. भाताची पेज, मुगाचं कढण, मीठ-साखरेचं पाणी, पातळ ताक. एका वेळी थोडं, पण पुन्हा पुन्हा. सगळं त्याच वेळी केलेलं आणि गरम. ते नाही म्हणत नसत. औषध घ्यावं तसे दोन चमचे घेत, मान हलवत आणि वाटी शेजारी ठेवत. मी आत गेले की उरलेल्या पेजेचं काय होई ते मला जास्वंदीच्या कुंडीला मुंग्या लागल्यावर कळलं.

जाऊबाई परत गेल्या नाहीत. पुतण्याचे फोन यायचे, "आई, सोयाबीन सोंगायला आलं, ये ना घरी." त्या म्हणायच्या, "येतो रे, येतो. इथं माणूस पडून हाय." पहिले काही दिवस त्यांनी आजोबांना पुष्कळ टोचलं. "एकट्यानं पुरण हाणलं, आता भोगा. देवाच्या पुढ्यातून लेकरांच्या तोंडचं वढलं, महालक्ष्म्या पाहून राहिल्या होत्या ना." आजोबा डोळे मिटून ऐकायचे. "खरं आहे वहिनी," म्हणायचे. मला राग यायचा आणि मी कोथिंबीर निवडत बसायची, कारण आजोबांनी मला बोलायची बंदी केली होती.

मग त्या टोचायच्या थांबल्या. घर झाडायच्या, पाणी उकळायच्या, चादरी धुवायच्या, त्यांचे पाय चेपून द्यायच्या. फक्त त्यांच्या वाटीला हात लावायच्या नाहीत. पेज ढवळायची असेल तर मला हाक मारायच्या. एकदा मी न्हाणीघरात होते आणि कढण उतू जात होतं, तर त्यांनी गॅस बंद केला आणि उभ्या राहिल्या, पण वाटीत ओतलं नाही.

पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर काही लिहिलं नाही, नुसतं म्हणाले, "आठवडाभर बघू. नाहीतर दाखल करू." परतीच्या वाटेवर आजोबा काचेबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडलं होतं, आभाळ पांढरं होतं, आणि त्यांचा हात माझ्या हातात इतका हलका होता की तो तिथे आहे की मला तसं वाटतं आहे, हे मला मधूनमधून बघावं लागत होतं.

त्यानंतरच्याच एका दुपारी आम्ही तिघं मागच्या पडवीत बसलो होतो. पान हलत नव्हतं. जाऊबाई सुपात तूरडाळ निवडत होत्या. आजोबा आरामखुर्चीत. मला डुलकी लागली असावी, कारण जाऊबाईंचा आवाज फार लांबून आल्यासारखा आला.

"भाऊजी, एक इचारू?"

"विचारा ना."

"पुरण नासलं होतं ना?"

माझी झोप उडाली. आजोबा म्हणाले, "कोणतं पुरण?"

"मी या घरात आली तवा तुम्ही हाफपँटीत होते. खोटं बोलताना कानाची पाळी ओढता तुम्ही. ओढून राहिले, पाहा."

त्यांचा हात खरंच कानाशी होता. त्यांनी तो खाली घेतला. मला हसू आलं, पण जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाणी सुपातल्या डाळीवर पडत होतं, म्हणून मी आवरलं.

"मले वासच नाही येत आता," त्या म्हणाल्या. "त्या साथीत ताप आला ना, तवापासून गेला तो गेलाच. जळलेलं कळत नाही, नासलेलं कळत नाही. तूप अन् रॉकेल, मले सारखंच. कोणाले सांगतलं नाही मी. सांगतलं तर पुरण गेलं असतं हातचं." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुम्ही पोळ्या दडवल्या तवा मले बरं वाटलं. मागून वाटलं, हा माणूस तर कधी भाजीचा दुसरा वाढा घेत नाही. म्हणून तुमच्या वाटीले हात नाही लावत मी. काय भरोसा माझ्या हाताचा."

लिंबाच्या फांदीवर एक खार थांबून आमच्याकडे बघत होती. मग आजोबा म्हणाले, "वहिनी, मला भूक लागली."

"खोटं."

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले आणि गुडघ्यांवर ठेवले.

"थांबा, पेज गरम करते," मी उठत म्हटलं.

"पेज नको. वहिनींच्या हातचं काही द्या."

जाऊबाईंनी सूप छातीशी धरलं. "अवं, सांग ना त्यायले," त्या मला म्हणाल्या. "मले वास नाही येत म्हणून आत्ताच सांगतलं ना मी."

"मला येतो," मी म्हटलं. "तुम्ही करा, मी वास घेते."

असा स्वयंपाक मी आधी कधी केला नव्हता, नंतर मात्र अनेकदा केला. त्यांनी ज्वारी जाडसर भरडली, मी मूठभर नाकाशी धरली आणि म्हटलं, "कोरडी आहे, चांगली आहे." त्यांनी कण्या धुतल्या आणि शिजत घातल्या. सकाळचं दही पुढे केलं. मी वास घेतला, म्हटलं, "गोड आहे." त्यांनी ते घुसळलं. जिरं भाजताना मी शेजारी उभी होते. "आता?" त्या विचारायच्या. "अजून थोडं," मी म्हणायची. "आता?" "आता काढा." त्या माझ्या नाकाकडे असं बघत होत्या जसं आपण घड्याळाकडे बघतो.

"पुढच्या साली पुरण सकाळीच करू," त्या मधेच म्हणाल्या. "अन् तू नाक लावून पाहशीन."

"नैवेद्याच्या आधी?"

"मी सांगीन त्यायले. बाईमाणसं हायेत, समजून घेतीन."

कण्या मऊ शिजल्या. त्यांवर पातळ ताक, त्यावर जिऱ्याची पूड. जाऊबाईंनी वाटी स्वतः नेली, दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेली असल्यासारखी, खरं तर ती अर्धीच होती. आजोबांनी चमचा घेतला नाही. बोटांनी कालवलं आणि पहिला घास घेतला. चावायला लागले. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत उभ्या होतो. गळा हलला. दुसरा घास. तिसरा. वाटीच्या तळाला बोटं लागली तसा तो बारीक खरवडण्याचा आवाज आला, जो आमच्या घरात भादव्यापासून आला नव्हता.

त्यांनी वाटी पुढे केली आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "वहिनी, तिखट विसरलात."

"विसरली नाही," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या पोटाले इचारीन, मंग टाकीन."

आणि वाटी भरून आणायला आत वळल्या.